ओडीएफ फाइली ऑनलाइन ऑफिसमध्ये न बिघडवता कशा वापराव्यात

लिबरऑफिस हे लेखन, तक्ते आणि सादरीकरणे करण्याचे सॉफ्टवेअर परवान्याच्या खर्चाशिवाय मिळते, जुन्या संगणकावरही चालते आणि मराठी नीट दाखवते. त्यामुळे खान्देशातल्या कित्येक शाळा, शेतकरी गट आणि लहान संस्था पत्रव्यवहार व हिशेब त्यातच ठेवतात. त्याच्या फाइली ओडीएफ, म्हणजे ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, या खुल्या स्वरूपात असतात. फाइल एकाच संगणकावर असते तोवर काहीच अडत नाही. अडते ती बाहेर पडल्यावर. रावेरच्या कार्यालयात तयार झालेला ठराव भुसावळचा सदस्य मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये उघडतो, जळगावचे लेखापाल तोच मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन वर्डमध्ये दुरुस्त करतात, आणि फाइल परत येते तेव्हा कोष्टक पानाबाहेर गेलेले असते, सह्यांच्या जागा सरकलेल्या असतात आणि अर्धे शीर्षक वेगळ्याच आकारात दिसते. एका केळी उत्पादक गटाचे दप्तर माझ्याकडे असल्यामुळे या फेऱ्यांतून मला नेहमी जावे लागते. नव्याने हे काम हाती घेणाऱ्यांची चाचपडण्यातून सुटका व्हावी, म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने लिहिल्या आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका: मूळ फाइल कोणती, आणि तिच्यात बदल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये होणार. हे ठरले नाही, तर पुढची कोणतीही काळजी पुरी पडत नाही.

हाताशी काय असावे

- संगणकावर लिबरऑफिसची अलीकडची आवृत्ती
- मुक्त परवान्याचे दोन-तीन युनिकोड फाँट, उदाहरणार्थ मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी
- मूळ फाइलची वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा पेनड्राइव्हवर ठेवलेली, कोणीही हात न लावलेली प्रत
- त्याच फाइलची पीडीएफ, म्हणजे मूळ मांडणी कशी होती हे नंतर ताडून पाहता येते
- मोबाइलवर काम करणाऱ्या सदस्यांसाठी कोलॅबोरा ऑफिस हे ॲप. ते ओडीएफ फाइली थेट उघडते आणि दुरुस्तही करते

१. फाइल खरोखर ओडीएफ आहे का, ते पाहा

मजकुराची फाइल ओडीटी, तक्त्याची ओडीएस आणि सादरीकरणाची ओडीपी. हे स्वरूप ओएसिस या संस्थेने २००५ मध्ये मानक म्हणून मंजूर केले आणि २००६ मध्ये ते आयएसओ २६३०० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. वर्डचे डॉक्सएक्स आणि एक्सेलचे एक्सएलएसएक्स हे निराळे मानक आहे. ते २००८ मध्ये आयएसओ २९५०० म्हणून मान्य झाले. दोन्हींची आतली रचना वेगळी असल्याने एकातून दुसऱ्यात जाताना काही ना काही बदलणारच, हे गृहीत धरूनच काम करावे.

नेहमीचा सापळा असा, की कोणी डॉक्सएक्स फाइलचे नुसते नाव बदलून शेवटी ओडीटी असे लिहितो. नाव बदलल्याने स्वरूप बदलत नाही. लिबरऑफिस आतला मजकूर ओळखून अशी फाइल बहुधा उघडते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही; ऑनलाइन सेवा मात्र ती नाकारते किंवा बिघडलेली ठरवते. शंका आल्यास फाइलची प्रत काढा, प्रतीच्या नावाचा शेवट झिप असा करा आणि ती उघडा. ओडीएफ फाइल ही मुळात झिपच असते. आत ‘कंटेंट’, ‘स्टाइल्स’ आणि ‘मेटा’ नावांच्या एक्सएमएल फाइली दिसल्या तर ती ओडीएफ आहे. ‘वर्ड’ नावाचे फोल्डर दिसले तर ती डॉक्सएक्स आहे.

२. सॉफ्टवेअर फाइल उघडते की तिचे रूपांतर करते, ते ओळखा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘ओडीटी चालते’ असे बहुतेक सर्व ऑनलाइन सेवा सांगतात, पण त्या चालण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत.

गूगल ड्राइव्हवर ओडीटी फाइल ठेवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली, की गूगल तिच्यापासून स्वतःच्या स्वरूपातली दुसरी फाइल तयार करते. मूळ ओडीटी तशीच राहते. आता ड्राइव्हमध्ये जवळपास एकाच नावाच्या दोन फाइली असतात. सदस्य एकीत दुरुस्ती करतात आणि सचिव दुसरी उतरवून छापतात. दुरुस्त्या ‘हरवल्या’ असे वाटते, प्रत्यक्षात त्या शेजारच्या फाइलमध्ये असतात. यावर उपाय असा, की रूपांतर होताच नव्या फाइलच्या नावापुढे ‘चर्चेसाठी’ असे लिहावे आणि मूळ ओडीटी ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवावी. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये चढवलेल्या फाइली आपोआप गूगलच्या स्वरूपात बदलण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. तो चालू असला तर मूळ ओडीटी ड्राइव्हवर राहतच नाही.

मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन वर्ड आणि एक्सेल ओडीटी, ओडीएस फाइली उघडतात आणि त्याच स्वरूपात जतनही करतात. त्यांचा पाया मात्र डॉक्सएक्स आणि एक्सएलएसएक्सचा आहे, त्यामुळे त्या रचनेत न बसणारा भाग जतन करताना गळू शकतो. ओन्लीऑफिस हे आणखी एक ऑनलाइन ऑफिस तर ओडीटीला आतल्या आत डॉक्सएक्समध्ये बदलूनच संपादनासाठी घेते. नेक्स्टक्लाउडसारख्या, आपल्याच सर्व्हरवर फाइली ठेवण्याच्या सॉफ्टवेअरला ते जोडलेले असते, तेव्हा ओडीएफचे संपादन सेटिंगमधून मुद्दाम सुरू करावे लागते आणि त्या वेळी काही माहिती गमावण्याची शक्यता असल्याची सूचनाही दिली जाते. ती सूचना वाचूनच पुढे जा.

कोलॅबोरा ऑनलाइन वेगळे आहे. ते लिबरऑफिसच्याच पायावर उभे असल्याने ओडीएफ हे त्याचे स्वतःचे स्वरूप आहे, मधले रूपांतर नाही. तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात किंवा संस्थेत सर्व्हर सांभाळणारी जाणकार व्यक्ती असेल, तर नेक्स्टक्लाउडसोबत कोलॅबोराची ‘कोड’ ही मोफत आवृत्ती बसवून घेण्याची विनंती अवश्य करा. ज्यांचे सगळे दप्तर ओडीएफमध्ये आहे, त्यांच्यासाठी माझ्या मते हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. तो शक्य नसेल, तर ऑनलाइन फाइल फक्त वाचण्यासाठी आणि सूचना लिहिण्यासाठी द्यावी, आणि त्या सूचना एकाच व्यक्तीने मूळ ओडीटीमध्ये लिबरऑफिसमधून उतरवाव्यात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण कायम ठेवायच्या कागदपत्रांसाठी मी दुसरे काही सुचवणार नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जिथे नेटवर्क येत-जात राहते, तिथे दोघांनी एकाच वेळी एकच फाइल उघडून ठेवू नये. एकाचे बदल पोहोचण्याआधी दुसऱ्याचे जतन झाले, की कोणती प्रत खरी हे सांगणे कठीण होते.

३. मराठी मजकूर आणि फाँट

आधी एक चाचणी करा. मजकुरातला एखादा परिच्छेद निवडा आणि त्याला टाइम्स न्यू रोमनसारखा इंग्रजी फाँट लावा. अक्षरे मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसू लागली, तर तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेला आहे. अशा फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरेच. फाँट त्यांना मराठीचे रूप देतो. ऑनलाइन सेवेकडे तो फाँट नसतो, म्हणून वाचकाला अर्थहीन अक्षरांच्या ओळी दिसतात. हा दोष ओडीएफचा नाही आणि ऑनलाइन सेवेचाही नाही. जुने इतिवृत्त, जुनी परिपत्रके यांत हा प्रकार फार आढळतो. मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा आणि नंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा. परिवर्तकावर पूर्ण विसंबू नका.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी फाँट बदलू शकतो. ऑनलाइन पान सर्व्हरवर किंवा ब्राउझरमध्ये मांडले जाते, तेव्हा तुमच्या संगणकावरचा मंगल फाँट तिथे असेलच असे नाही. पर्यायी फाँटची अक्षरे थोडी रुंद असली, की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि एका पानाचा ठराव दीड पानांचा होतो. गूगल डॉक्समध्ये उपलब्ध असलेला मुक्त फाँटच आपल्या संगणकावरही बसवून वापरला, तर ही अडचण बऱ्याच अंशी मिटते. लिबरऑफिसमध्ये ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’ इथे फाइलमध्येच फाँट अंतर्भूत करण्याची सोय आहे. मात्र ऑनलाइन सेवा तो वापरेलच असे धरून चालू नका.

आता आकाराचा प्रश्न. लिबरऑफिस एकाच शैलीत इंग्रजी लिपीसाठी एक फाँट व आकार आणि देवनागरीसारख्या संयुक्त लिपीसाठी दुसरा फाँट व आकार साठवते. तुम्ही मराठी शीर्षक निवडून १८ आकार दिला, तर तो देवनागरीलाच लागतो. त्याच शीर्षकातला इंग्रजी शब्द १२ वर राहू शकतो. गूगल डॉक्समध्ये फाँट आणि आकार यांसाठी एकेकच जागा आहे. जाता-येता या दोन नोंदींपैकी एकच उरली, की शीर्षक लहान-मोठे दिसते. उपाय असा: शैली संपादित करताना ‘फाँट’ विभागातल्या ‘वेस्टर्न’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ या दोन्ही ठिकाणी एकच फाँट आणि एकच आकार द्या. ‘कॉम्प्लेक्स’ दिसत नसेल, तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ यांतल्या भाषेच्या विभागात संयुक्त लिपीचा पर्याय सुरू करा.

अहिराणीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ‘डोया’, ‘काया’ असे शब्द ऑनलाइन शब्दतपासणी चुकीचे ठरवते आणि आपोआप दुरुस्ती चालू असली तर बदलूही शकते. ती बंद ठेवा आणि लिबरऑफिसमध्ये त्या परिच्छेदांसाठी शब्दतपासणी लागू होणार नाही अशी भाषेची निवड करा.

४. मांडणी शैलींवर उभी करा

‘अध्यक्ष’ आणि ‘सचिव’ यांच्या सह्यांमध्ये अंतर ठेवण्यासाठी स्पेसबार दाबत राहण्याची सवय फार जुनी आहे, आणि रूपांतरात पहिल्यांदा मोडते तेही हेच. त्याऐवजी दोन स्तंभांचे, कडा नसलेले कोष्टक घाला. शीर्षकाला ‘हेडिंग’ शैली द्या, केवळ ठळक करून भागवू नका. संस्थेचे बोधचिन्ह पानाला किंवा परिच्छेदाला न बांधता ‘ॲज कॅरॅक्टर’ या पर्यायाने ओळीतल्या अक्षरासारखे बसवा. पानाला बांधलेली चित्रे आणि चौकटी रूपांतरात हमखास जागा सोडतात.

पहिल्या पानावरच नाममुद्रा हवी असेल, तर लिबरऑफिसमध्ये दोन मार्ग आहेत. पहिल्या पानासाठी वेगळी पृष्ठशैली लावता येते, किंवा एकाच पृष्ठशैलीच्या शीर्षपट्टीत ‘पहिल्या पानावर तोच मजकूर’ या पर्यायाची खूण काढता येते. दुसरा मार्ग धरा. वर्ड आणि गूगल डॉक्समध्ये पृष्ठशैली ही कल्पनाच नाही, तिथे विभाग असतात; पण ‘पहिले पान वेगळे’ ही सोय दोन्हीकडे आहे.

५. तक्ते: आकडे, तारखा आणि सूत्रे

मजकूर बिघडला तर डोळ्यांना दिसतो. तक्ता बिघडला तर कित्येकदा दिसत नाही आणि पैशांचा हिशेब चुकतो, म्हणून ही पायरी घाईने उरकू नका.

आमच्या तक्त्यात शेतकऱ्याचे नाव, सभासद क्रमांक, कापणीची तारीख, क्विंटलमधले वजन, भाव आणि रक्कम असे स्तंभ आहेत. वजन ४२.५ आणि भाव १,४५० असेल, तर रक्कम ६१,६२५ येते. ओडीएस फाइलमध्ये रकमेच्या घरात सूत्र आणि शेवटचे उत्तर अशा दोन्ही गोष्टी साठवलेल्या असतात. त्यामुळे सूत्र गळून गेले तरी ६१,६२५ हा आकडा तसाच दिसत राहतो. हे पूर्वी प्रत्यक्ष घडले आहे: ओडीएफच्या १.२ आवृत्तीपूर्वी सूत्रांची भाषा मानकात ठरलेलीच नव्हती, आणि २००९ मध्ये आलेल्या एक्सेल २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये इतर सॉफ्टवेअरच्या ओडीएस फाइली उघडल्यास सूत्रे जाऊन नुसती उत्तरे उरत. १.२ आवृत्ती २०११ मध्ये आली आणि तिने सूत्रांची व्याख्या केली. तेव्हापासून स्थिती खूप सुधारली आहे. तरीही ऑनलाइन उघडल्यावर एक वजन ४२.५ वरून ४३.५ करून पाहा. रक्कम ६३,०७५ झाली आणि खालची बेरीजही हलली, तर सूत्रे जिवंत आहेत. मग बदल मागे घ्या. फाइल परत आल्यावर लिबरऑफिसमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-९ एकत्र दाबून संपूर्ण तक्ता नव्याने मोजून घ्या.

हिशेबाच्या घरांत इंग्रजी अंकच टाका. देवनागरी अंकांत टाकलेली नोंद प्रत्येक सॉफ्टवेअर संख्या मानेल याचा भरवसा नसतो, आणि मजकूर ठरलेले आकडे बेरजेत कोणतीही सूचना न देता वगळले जातात. घरात आपण काही वेगळे सांगितले नसेल, तर संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो. मोबाइलवरून नोंदी आल्या, की आधी वजनाच्या स्तंभावर नजर फिरवा. डावीकडे सरकलेला एखादा आकडा लगेच सापडतो.

तारखांचे वागणे थोडे वेगळे आहे. ओडीएसमध्ये तारीख आतून वर्ष, महिना, दिवस अशा ठरलेल्या क्रमाने साठवली जाते, म्हणून आधीच्या नोंदी सहसा टिकतात. बिघडतात त्या ऑनलाइन नव्याने टाकलेल्या. तक्त्याचे लोकेल, म्हणजे देशाची निवड, अमेरिकेचे असेल, तर ३/४ म्हणजे ३ एप्रिल न राहता ४ मार्च होते, आणि १३/४ ही तारीखच न मानता मजकूर धरला जातो. एकाच स्तंभात काही तारखा चुकीच्या आणि काही नुसता मजकूर, असे झाले की कापणीचा क्रम लावता येत नाही. गूगल शीट्समध्ये ‘फाइल’, ‘सेटिंग्ज’ इथे लोकेल भारत करा.

नावावरून माहिती शोधणारी सूत्रे टाळा. ‘शेतकऱ्याचे’ यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. कळफलक बदलला की प्रकार बदलतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरला ते वेगळे शब्द वाटतात आणि नाव समोर असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. शोध नेहमी सभासद क्रमांकावरून घ्या.

लिबरऑफिस बेसिकमध्ये लिहिलेले मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, गूगल शीट्समध्ये किंवा ऑनलाइन एक्सेलमध्ये चालत नाहीत. पिव्होट तक्ते आणि रंगांच्या सशर्त मांडणीचीही स्वतंत्र खात्री करा.

६. पाठवण्यापूर्वी

नोंदवलेले बदल स्वीकारा किंवा नाकारा, महत्त्वाच्या टिप्पण्या वेगळ्या लिहून ठेवा आणि पासवर्ड काढा. पासवर्डने कुलूपबंद केलेली ओडीएफ फाइल बऱ्याच ऑनलाइन सेवांना उघडता येत नाही. गणिताच्या शिक्षकांनी समीकरणे विशेष तपासावीत, कारण ती वेगळ्या वस्तू म्हणून फाइलमध्ये बसवलेली असतात आणि रूपांतरात पहिल्यांदा त्याच गळतात.

समोरच्याकडे फाइल उघडतच नसेल, तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लोड/सेव्ह’, ‘जनरल’ इथे ओडीएफची आवृत्ती पाहा. लिबरऑफिस सहसा ‘एक्स्टेंडेड’ प्रकारची आवृत्ती वापरते. त्यात मानकापलीकडच्या काही नोंदी असतात आणि इतर सॉफ्टवेअर त्या समजून घेत नाही. पाठवण्याची प्रत १.२ मध्ये जतन करून पाहा, काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करा.

फक्त वाचायचे असेल तर पीडीएफच द्या. लिबरऑफिसच्या पीडीएफ निर्यातीत ‘हायब्रिड पीडीएफ’ असा पर्याय आहे. त्यात मूळ ओडीएफ फाइल पीडीएफच्या पोटातच ठेवली जाते: सदस्याला मोबाइलवर साधी पीडीएफ दिसते, आणि तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडल्यास संपादन करता येते. ही सोय फार कमी जणांना ठाऊक आहे आणि ग्रामीण भागातल्या कामाला ती अतिशय उपयोगी पडते.

समोरच्या कार्यालयाला डॉक्सएक्समध्येच बदल करायचे असतील, तर रूपांतर त्यांच्यावर सोडू नका. लिबरऑफिसमधून डॉक्सएक्स प्रत तुम्हीच काढा, पुन्हा उघडून पाहा आणि मग पाठवा. तीच फाइल पुढे-मागे अनेकदा रूपांतरित होऊ देऊ नका. प्रत्येक फेरीत थोडे थोडे निसटत जाते. ‘मग सगळेच डॉक्सएक्समध्ये का ठेवू नये?’ असे मला वारंवार विचारले जाते. संस्थेचे ठराव आणि हिशेब पुढच्या पिढीलाही कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवाचून उघडता यावेत, हे मला महत्त्वाचे वाटते. केंद्र सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले होते.

७. परत आलेली फाइल लगेच मूळ फाइलवर चढवू नका

ती वेगळ्या नावाने ठेवा. लिबरऑफिस रायटरमध्ये आधी परत आलेली फाइल उघडा, मग ‘एडिट’, ‘ट्रॅक चेंजेस’, ‘कंपेअर डॉक्युमेंट’ इथे जाऊन जुनी मूळ फाइल निवडा. बदललेला मजकूर रंगीत दिसतो आणि एकेक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. मांडणी मात्र सुरुवातीला काढलेल्या पीडीएफशेजारी ठेवूनच ताडा.

८. दोष सापडला तर कळवा

मराठी मजकुराचे दोष मराठी वापरणाऱ्यांनी कळवल्याशिवाय विकसकांना कळणे कठीण आहे. लिबरऑफिसची बगझिला ही दोषनोंद सर्वांसाठी खुली आहे. नोंदीत लिबरऑफिसची आवृत्ती, कोणत्या ऑनलाइन सेवेत फाइल उघडली, काय अपेक्षित होते आणि काय दिसले हे क्रमाने लिहा, आणि दोष दाखवणारी शक्य तितकी लहान फाइल जोडा. तिथे जोडलेली फाइल कोणालाही उतरवता येते. म्हणून खरा तक्ता कधीही जोडू नका. नावे, आधार क्रमांक, बँक खाते आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक काढून, दोन-तीन काल्पनिक ओळी ठेवून नवी फाइल बनवा, आणि ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’ इथे लेखकाचे नाव राहिले असेल तर तेही पुसून टाका.